कॅडच्या ट्रीमध्ये लाल-पिवळी चिन्हं सारखी येतायत? कुठून बघायला सुरुवात करायची

काल संध्याकाळपर्यंत मॉडेल व्यवस्थित होतं, आज एक डायमेन्शन (माप) बदललं आणि ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेल बनवायच्या पायऱ्यांच्या यादीत, वरपासून खालपर्यंत लालच लाल. ही एकच तक्रार मी इतक्यांची सोडवून दिलीय की आता सगळं एका ठिकाणी लिहूनच टाकते. माझं रोजचं काम सॉलिडवर्क्सवर चालतं म्हणून नावं आणि चिन्हं तिथली घेतलीयेत, पण इन्व्हेंटर, फ्यूजन, क्रिओ, फ्रीकॅड काहीही वापरत असाल तरी तपासायचा क्रम हाच ठेवा, फरक असेल तिथे सांगतेच.

आधी लक्षणं नीट ओळखा

लाल गोलात फुली म्हणजे एरर. ते फीचर (ट्रीमधली एक पायरी, उदाहरणार्थ होल किंवा कट) बनलेलंच नाही, त्याची जॉमेट्री (आकार) मॉडेलमध्ये नाहीये. स्क्रीनवर पार्ट दिसतोय म्हणजे तो पूर्ण आहे असं समजू नका, चार होल्सपैकी एक गायब असेल आणि तुम्ही ज्या बाजूने बघताय तिथून ते कळणारही नाही.

पिवळा त्रिकोण आणि आत उद्गारचिन्ह म्हणजे वॉर्निंग. फीचर बनलंय, पण ज्याच्या आधारावर बनवलं त्यातलं काहीतरी हरवलंय. उदाहरणार्थ फिलेटला (कड गोल करणाऱ्या फीचरला) बारा एज (कडा) दिल्या होत्या, त्यातल्या दोन आता मॉडेलमध्येच नाहीत, तर उरलेल्या दहांवर फिलेट बसतो आणि त्रिकोण लागतो. लोक लालकडे बघतात आणि पिवळ्याकडे दुर्लक्ष करतात, पण आजचा पिवळा पुढच्या बदलात लाल व्हायला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात वर, पार्टच्या किंवा असेंब्लीच्या (अनेक पार्ट जोडून बनलेल्या मॉडेलच्या) नावापाशी खाली बाण असलेलं चिन्ह दिसलं तर गडबड तिथे नाही, खाली कुठेतरी आहे, एवढंच ते सांगतंय. असेंब्लीत ते फांदी फांदी करत खालपर्यंत उघडत जावं लागतं.

स्केचच्या (फीचर ज्यावरून बनतं त्या सपाट रेखाटनाच्या) नावाआधी कंसात (-) असेल तर स्केच अंडर डिफाइन्ड, म्हणजे मापं-बंधनं अपुरी, (+) असेल तर ओव्हर डिफाइन्ड, म्हणजे ती जास्तीची, (?) असेल तर सॉफ्टवेअरला ते सोडवताच आलेलं नाही. काहीच नसेल तर स्केच फुल्ली डिफाइन्ड आहे. (-) ही एरर नाही, पण डायमेन्शन बदलल्यावर स्केच भलतीकडे वाकडं होण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

स्केचमधले रंगही वाचायचे. निळी रेघ अजून मोकळी आहे, काळी पूर्ण बांधलेली आहे, लाल-पिवळं झालं की डायमेन्शन आणि रिलेशन (समांतर, उभं अशी रेघांमधली बंधनं) एकमेकांशी भांडतायत किंवा उत्तरच निघत नाहीये, आणि तपकिरीसर झालं की डँगलिंग, म्हणजे ज्याला धरलं होतं तेच नाहीसं झालंय. कोणी ऑप्शन्समध्ये जाऊन रंग बदलले असतील तर हे लागू होणार नाही, दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर ते आधी विचारा.

नावापुढच्या बाणांना लोक उगीच घाबरतात. -> म्हणजे हा संदर्भ दुसऱ्या फाइलमधून येतोय, ->? म्हणजे ती दुसरी फाइल आत्ता उघडी नाही, ->* म्हणजे संदर्भ लॉक केलाय, ->x म्हणजे मुद्दाम तोडलाय. यातलं एकही चिन्ह स्वतःहून एरर नाही. पण ->x असेल तर तिकडे बदल केला तरी इकडे पोचणार नाही, हे लक्षात असू द्या.

आणि सिग्नलच्या दिव्यासारखं छोटं चिन्ह म्हणजे फक्त रिबिल्ड (मॉडेल परत मोजणं) बाकी आहे. इन्व्हेंटरमध्ये याच कामाला पिवळी वीज असते, क्रिओत खालच्या पट्टीत हिरवा-पिवळा-लाल दिवा असतो, त्यातला पिवळा म्हणजे रीजनरेट करा आणि लाल म्हणजे केलं पण फसलं. फ्यूजनमध्ये टाइमलाइनवरचं फीचरच पिवळं किंवा लाल होतं.

एक गोष्ट कळली की निम्मं काम झालं

मॉडेल वरून खाली मोजलं जातं. पहिलं स्केच, त्यावरचं एक्सट्रूड (स्केचला जाडी देणं), त्याच्या फेसवरचं (पृष्ठभागावरचं) स्केच, त्यातला कट, त्याच्या एजवरचा फिलेट, असं. वरचं काही हललं की खालच्यांचा आधार जातो आणि तक्रार खालचा करतो. ओल खालच्या घराच्या छताला दिसते पण गळती वरच्या मजल्यावर असते, तसंच आहे हे. त्यामुळे वीस लाल चिन्हं म्हणजे वीस चुका नसतात, बहुतेक वेळा एक किंवा दोन असतात आणि त्या सगळ्यात वरच्या लाल किंवा पिवळ्या चिन्हापाशी, नाहीतर त्याच्याही जरा वर असतात. खालून एकेक दुरुस्त करत वर जाणारी माणसं दिवसभर तेच करत बसतात, कारण वरचं नीट केलं की खाली केलेलं परत मोडतं.

आता तपासण्या, सोप्यापासून अवघडाकडे. सुरू करायच्या आधी फाइलची कॉपी वेगळ्या नावाने ठेवा, आणि मूळ फाइलवर सेव्ह दाबू नका, कारण नीट चालणारी जुनी अवस्था हाताशी असणं हाच शेवटचा आधार असतो.

१. पूर्ण रिबिल्ड

कंट्रोल-बी दाबून थांबू नका, कंट्रोल-क्यू दाबा. कंट्रोल-बी फक्त जे बदललंय तेवढंच परत मोजतं, कंट्रोल-क्यू अख्खं मॉडेल पहिल्यापासून मोजतं. काही चिन्हं नुसती शिळी असतात, ती इथेच जातात. याच्या उलटही होतं, आधी सगळं स्वच्छ दिसत होतं आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर नवीन लाल उगवलं, तर ते आता तयार झालेलं नाही, आधीपासून होतं आणि झाकलेलं होतं, आता दिसलं हे चांगलंच झालं. फ्यूजनमध्ये कंप्यूट ऑल आहे, इन्व्हेंटरमध्ये रिबिल्ड ऑल, फ्रीकॅडमध्ये रिकंप्यूट.

२. मेसेज वाचा, पूर्ण वाचा

चिन्हावर राइट क्लिक करा आणि व्हॉट्स राँग उघडा. त्या खिडकीत टाइप, फीचर, प्रिव्ह्यू, हेल्प आणि डिस्क्रिप्शन असे कॉलम असतात. डिस्क्रिप्शनची भाषा रुक्ष असली तरी ती नेमकी असते, संदर्भाची जॉमेट्री हरवलीय की स्केच उघडं आहे की त्रिज्या बसत नाहीये हे तिथेच लिहिलेलं असतं आणि या तिघांचा इलाज पूर्ण वेगळा आहे. आधी एरर बघा, मग वॉर्निंग, आणि यादीतल्या नावांपैकी ट्रीमध्ये सगळ्यात वर कोण आहे ते शोधा. ती खिडकी दर वेळी उघडते म्हणून वैतागून न दाखवण्याचा टिक लावून ठेवला असेल तर तो काढा.

इन्व्हेंटरमध्ये लाल क्रॉसवर क्लिक केलं की डिझाइन डॉक्टर येतो. फ्रीकॅडमध्ये रिपोर्ट व्ह्यू चालू ठेवा, बराचसा मजकूर तिथेच येतो.

३. फाइली जागेवर आहेत का

असेंब्ली असेल तर हे आधी. फोल्डरचं नाव बदललं, फाइल एक्सप्लोररमधूनच पार्टचं नाव बदललं, मेलवरून फक्त असेंब्लीची फाइल आली आणि पार्ट आलेच नाहीत, या तीन गोष्टींनीच केवढी तरी लाल चिन्हं येतात आणि त्यात मॉडेलिंगची चूक काहीच नसते. फाइंड रेफरन्सेस उघडून प्रत्येक फाइलचा रस्ता बघा. कधीकधी फाइल सापडलेली असते पण भलत्याच फोल्डरमधली, त्याच नावाची जुनी कॉपी, आणि हे सगळ्यात फसवं असतं कारण चिन्ह हरवलेल्या फाइलचं येत नाही, मेटचं (दोन पार्ट जोडणाऱ्या बंधनाचं) येतं. इथून पुढे फाइली हलवायच्या तर पॅक अँड गो (संबंधित सगळ्या फाइली एकत्र कॉपी करायची सोय) वापरा, नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरच्या आतून बदला.

टू-डी वाल्यांसाठी इथेच सांगून टाकते. ऑटोकॅडमध्ये एक्सटर्नल रेफरन्सच्या पॅलेटमध्ये नॉट फाउंड दिसलं तर हाच प्रकार आहे. डायमेन्शनपाशी पिवळा उद्गारचिन्हाचा बिल्ला दिसला तर तो अ‍ॅनोटेशन मॉनिटरचा आहे, म्हणजे डायमेन्शन ज्या रेघेला जोडलं होतं तिच्यापासून सुटलंय. आकडा बरोबर दिसेल, पण रेघ हलवली तर तो आकडा बदलणार नाही. बिल्ल्यावर क्लिक करून परत जोडा, मॉनिटर बंद करून बिल्ला घालवणं हा इलाज नव्हे.

४. रोलबॅक बार वर न्या

ट्रीच्या तळाशी असलेली आडवी पट्टी ओढून पहिल्या खराब फीचरच्या लगेच खाली आणा. आता खालचा गोंधळ डोळ्यांसमोरून गेला. तेवढंच एक दुरुस्त करा, पट्टी एक पायरी खाली घ्या, बघा, परत एक पायरी. घाई झाली असेल तरी हेच करा. मधे एकदम वीस पायऱ्या उड्या मारल्या तर कुठल्या बदलाने काय सुटलं ते कळत नाही.

खराब फीचर डिलीट करून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. डिलीट करू नका, सप्रेस (तात्पुरतं बंद) करा, कारण डिलीट केलं की त्याच्यावर टेकलेली मुलं, म्हणजे त्याच्या आधाराने बनलेली फीचर्सही जातात नाहीतर अनाथ होतात. आधी पेरेंट-चाइल्ड उघडून कोण कोणावर टेकलंय ते बघून घ्या.

५. स्केच, बहुतेक वेळा खरी गडबड इथेच

एक नेहमीचं उदाहरण जवळून दाखवते. १२० बाय ८० ची प्लेट आहे, पहिल्या स्केचमध्ये आयत, तो एक्सट्रूड केलेला. वरच्या फेसवर दुसरं स्केच, त्यात एक होल, उजव्या कडेपासून १५ वर. त्या होलचा पॅटर्न आणि शेवटी कडांना फिलेट. कोणीतरी पहिल्या स्केचमध्ये जाऊन आयताची उजवी रेघ डिलीट केली आणि त्याच जागी, तेवढीच, नवीन रेघ काढली. डोळ्यांना काहीच फरक नाही. पण सॉफ्टवेअर रेघेला तिच्या जागेने ओळखत नाही, आतल्या ओळखीने ओळखतं, आणि नवीन रेघेची ओळख नवीन. मग १५ चं डायमेन्शन तपकिरी होतं, होलच्या स्केचला पिवळा त्रिकोण लागतो, आणि फिलेटला उजवी एज सापडत नाही म्हणून तिथेही चिन्ह.

इलाज किती छोटा आहे बघा. होलचं स्केच एडिट करा, तपकिरी झालेल्या डायमेन्शनवर क्लिक करा, त्याच्या टोकाला लाल ठिपका येतो, तो धरून नवीन एजवर आणून सोडा. स्केच काळं झालं. बाहेर या, फिलेट एडिट करून उजवी एज परत निवडा, झालं. रिलेशन डँगलिंग असेल तर डिस्प्ले-डिलीट रिलेशन्समध्ये डँगलिंगचा फिल्टर लावा, म्हणजे नेमकी तीच समोर येतात. आणि पुढच्या वेळी रेघ डिलीट करण्याऐवजी ट्रिम, एक्सटेंड किंवा रिप्लेस एंटिटी वापरा, त्यात जुन्याची ओळख नवीन रेघेला मिळते.

फेस आणि एजची ओळख अशी बदलणं हा सगळ्याच पॅरामेट्रिक कॅडचा जुना त्रास आहे. फ्रीकॅडमध्ये तर तो टोपोलॉजिकल नेमिंग याच नावाने ओळखला जायचा, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर बराच उपाय झालाय, पण पूर्ण विसरावं असं नाही. म्हणूनच मी शक्य तिथे डायमेन्शन एजपासून न देता प्लेन, ओरिजिन किंवा मूळ स्केचपासून देते, कारण ते सहसा नाहीसे होत नाहीत.

ओव्हर डिफाइन्ड असेल तर खालच्या पट्टीतल्या त्या शब्दावर क्लिक केलं की स्केचएक्सपर्ट उघडतो. त्यात डायग्नोस दाबलं की तो वेगवेगळी उत्तरं दाखवतो, आणि पहिलंच उत्तर स्वीकारू नका, कारण गणिताच्या दृष्टीने कुठलंही एक डायमेन्शन काढलं तरी चालतं, पण ड्रॉइंगवर लागणारं डायमेन्शन कुठलं हे फक्त तुम्हाला माहितीये. बहुतेक वेळा एखादं आपोआप लागलेलं रिलेशन जास्तीचं असतं, व्हर्टिकल असलेल्या रेघेला परत ९० अंशाचा कोन दिलेला असतो, असं काहीतरी. डायमेन्शन दिसायलाच हवं असेल तर ते काढू नका, ड्रिव्हन करा, म्हणजे ते नुसतं माप दाखवेल, आकार ठरवणार नाही.

स्केच उघडं आहे असा मेसेज असेल तर चेक स्केच फॉर फीचर चालवा. डीएक्सएफमधून (टू-डी ड्रॉइंगच्या फाइलमधून) आणलेल्या स्केचमध्ये एकावर एक दोन रेघा, डोळ्यांना न दिसणारी फट, केसाएवढा तुकडा हे हमखास सापडतं, त्यासाठी रिपेअर स्केच आहे.

६. जॉमेट्रीच बसत नाहीये

संदर्भ ठीक, स्केच ठीक, तरी लाल, तर मग आकारच अशक्य आहे. ५ मिलीमीटरच्या पायरीवर ६ चा फिलेट मागितला तर तो पायरी गिळून पलीकडे जातो, तिथे सॉफ्टवेअर थांबतं. त्रिज्या कमी करून बघा, एकदम सगळ्या एज न घेता गट पाडा, मोठे फिलेट आधी आणि छोटे नंतर घ्या. शेल (पार्ट आतून पोकळ करणारं फीचर) फसला आणि मेसेजमध्ये वक्रतेची किमान त्रिज्या आली तर आतल्या बाजूला जाडी देताना तिथला वक्र स्वतःवरच उलटतोय, चेक टूलमध्ये किमान वक्रता-त्रिज्या शोधायचा पर्याय आहे, तो नेमकी जागा दाखवतो, तिथला फिलेट शेलच्या नंतर घ्या.

झीरो थिकनेसचा मेसेज आला तर दोन घन फक्त एका रेघेवर किंवा बिंदूवर एकमेकांना टेकतायत, होलची कड प्लेटच्या बाजूला बरोबर शिवतेय असं काहीतरी. अशी वस्तू प्रत्यक्षात बनतच नाही, त्यामुळे ०.०१ सरकवून मेसेज घालवू नका, डिझाइनमध्ये नेमकं काय हवंय ते ठरवा.

७. मेट

असेंब्लीत एक मेट चुकला की त्याच्याशी संबंधित सगळे लाल-पिवळे होतात आणि खरा दोषी त्या गर्दीत लपतो. सगळे डिलीट करून नव्याने लावू नका. मेट्स फोल्डरवर राइट क्लिक करून मेटएक्सपर्ट उघडा, डायग्नोस करा, तो भांडणारा छोटा गट वेगळा काढून दाखवतो. त्यातला सगळ्यात शेवटी लावलेला मेट सप्रेस करून बघा. नेहमीचं कारण सांगते: एका प्लेटमध्ये दोन होल ८० च्या अंतरावर, दुसऱ्यात ८०.०२ वर, आणि दोन्ही होलना कॉन्सेंट्रिक (एकाच अक्षावर आणणारे) मेट लावलेत. दुसरा बसणं शक्यच नाही. एक कॉन्सेंट्रिक ठेवा, दुसऱ्याच्या जागी कडांना पॅरलल द्या. आणि ८०.०२ कुठून आलं तेही शोधा, कारण चिन्ह गेलं तरी ती चूक पार्टमध्ये तशीच असते.

८. बाहेरून आलेली फाइल

स्टेप किंवा आयजीईएस (एका कॅडमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायच्या फाइली) आणल्यावर इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स चालवायचंच, आणि त्यावर एकही फीचर टाकायच्या आधी, नंतर ते चालत नाही. खराब फेस आणि फटी दाखवतं, थोड्या असतील तर आपोआप भरतं. आयजीईएसमध्ये पृष्ठभाग सुटे सुटे येतात म्हणून फटी जास्त, पाठवणाऱ्याकडून पॅरासॉलिड किंवा स्टेप मागवता आली तर तेच मागवा.

९. काहीच सापडत नाही तेव्हा

ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्सखाली व्हेरिफिकेशन ऑन रिबिल्ड चालू करा आणि कंट्रोल-क्यू दाबा. यात प्रत्येक नवीन फेस बाकी सगळ्या फेसशी तपासला जातो, एरवी फक्त शेजारच्यांशी, त्यामुळे वेळ लागतो पण खूप आधी झालेली आणि न दिसलेली चूक वर येते. काम झालं की बंद करा. ऑटोकॅडमध्ये या टप्प्याला ऑडिट आणि फाइल उघडतच नसेल तर रिकव्हर.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फाइल उघडताना सॉफ्टवेअर बंद पडतंय किंवा चेक टूल बॉडीच खराब आहे म्हणतंय, तर फाइल बिघडलीय. त्यावर सेव्ह करत राहू नका, बॅकअपमधली कॉपी काढा, नसेल तर सॉफ्टवेअर जिथून घेतलं त्यांच्या सपोर्टकडे द्या.

एकाच मशीनवर चिन्हं येतायत आणि तीच फाइल, तीच आवृत्ती, दुसऱ्या मशीनवर स्वच्छ उघडतेय, तर मॉडेलला हात लावू नका, तो इन्स्टॉलेशनचा किंवा फाइलींच्या रस्त्यांचा प्रश्न आहे, आयटीला सांगा.

इम्पोर्ट केलेल्या मॉडेलमध्ये आपोआप भरल्यावरही ढीगभर फेस खराब राहिले, विशेषतः मोल्डचं काम असेल, तर सरफेसिंग करणाऱ्या जाणत्या माणसाला द्या. अंदाजाने भरलेला फेस स्क्रीनवर छान दिसतो आणि मोल्डमध्ये उमटतो.

ड्रॉइंग रिलीज झालंय, पार्ट मशीनवर गेलाय, आणि दुरुस्तीत जॉमेट्री जराही बदलतेय, तर ज्याच्या सहीने ते रिलीज झालं त्याला विचारल्याशिवाय सेव्ह करू नका. दाबाखालची भांडी, वजन उचलणारे पार्ट, माणूस ज्याच्यावर उभा राहतो असं काहीही असेल तर गणित केलेल्या इंजिनिअरने बदल बघितलाच पाहिजे, लाल चिन्ह गेलंय एवढं पुरेसं नाही.

मदत मागताना नुसता लाल ट्रीचा फोटो पाठवू नका. पॅक अँड गोची झिप, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक, व्हॉट्स राँगची पूर्ण खिडकी डिस्क्रिप्शनसकट, आणि चिन्हं यायच्या आधी शेवटचं काय बदललं ते, एवढं दिलं तर समोरच्याला तुम्हाला परत काही विचारावं लागत नाही.